जतन म्हणजे शाकारणी : अजिंठ्याच्या लेण्यांपासून घ्यावयाचा धडा



प्राचीन वास्तू, शिल्पे, राखीव वने यांच्या रक्षणाचा विषय निघाला म्हणजे पुष्कळांस असे वाटते की, हे काम सरकारचे, पुरातत्त्व खात्याचे आणि तज्ज्ञांचे आहे. खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा त्यात वाटा तो कोणता? ही समजूत बरोबर नाही. अशा स्थळांची हानी काळाने केली, उन्हापावसाने केली, हे खरेच. परंतु माणसाच्या हातूनही ती झाली आहे, आणि तीही नेहमी द्वेषाने नव्हे. कुतूहलाने, उत्साहाने, इतकेच नव्हे तर प्रेमाने केलेल्या कृत्यांनीही ती झाली आहे. ह्या कृत्यांना आवर घालण्याची सवय सहा ते दहा वर्षांच्या वयात लागते, आणि ह्या वयातील मूल प्राथमिक शिक्षकाच्या हाती असते. म्हणून जतनाच्या कामातील पहिला माणूस शिक्षक हाच होय.

ही गोष्ट अजिंठ्याच्या लेण्यांच्या उदाहरणाने चांगली स्पष्ट होते. महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या सहली तेथे जातात. तेथे काय पाहावे हे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. तेथे काय बिघडले, कशाने बिघडले आणि उरलेले कसे राखले जात आहे, हे मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत वाघूर नदीने घोड्याच्या नालेच्या आकाराची एक दरी कोरली आहे. नदी वरून सात टप्प्यांनी उड्या घेत खाली उतरते. त्या जागेस सातकुंड म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्याच काळ्या पाषाणाच्या सुमारे ७६ मीटर उंचीच्या कड्यात लहानमोठी ३० लेणी खोदलेली आहेत. त्यांपैकी ९, १०, १२, १३ इत्यादी क्रमांकांची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आहेत. उरलेली बहुतेक लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळी खोदली गेली. १६ व्या क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव ह्याने भिक्षुसंघास अर्पण केल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. १९८३ साली युनेस्कोने ह्या लेण्यांचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.

ह्या लेण्यांतील चित्रे ज्या भिंतींवर आहेत त्यांचा गिलावा कशाचा आहे, हे खेड्यातील मुलास मोठ्या शहरातील मुलापेक्षा लवकर समजेल. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर माती, खडकाची भरड, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून लिंपण केलेले आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आहे, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्रे काढलेली आहेत. तांबडा व पिवळा रंग गेरू आणि पिवडी यांचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. निळा रंग मात्र राजावर्त नावाच्या खनिजाचा असून तो दूरच्या अफगाण प्रदेशातून येत असे. तो एक रंग सोडला, तर ही सामग्री आपल्या घराच्या लिंपणाची आणि अंगणाची आहे. म्हणूनच लिंपलेल्या भिंतीला ज्या गोष्टींची भीती असते, त्याच गोष्टींची ह्या चित्रांनाही असते. मागून ओल आली की पोपडा सुटतो. तुसाला आणि तंतूंना किडे लागले की भिंत आतून पोकळ होते. हात घासला की माती झडते.

पाचव्या शतकानंतर ही लेणी हळूहळू ओस पडली. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग ह्या चिनी प्रवाशाने त्यांचा उल्लेख केला आहे. पुढे दरीत रान वाढले, लेण्यांत गाळ साचला आणि वटवाघळांनी वस्ती केली. जवळपासच्या रहिवाशांना ती ठाऊक असणारच. पण बाहेरच्या जगाचे लक्ष तिकडे गेले ते १८१९ च्या एप्रिल महिन्यात. जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीस आला असता त्यास समोरच्या कड्यात एक कमान दिसली. ती १० व्या क्रमांकाच्या चैत्याची होती. तो आत शिरला. भोवती हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रे होती. त्याने तेथील एका रंगविलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली.

ते नाव आजही तेथे आहे. आज ते उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते, कारण लेण्यात तेव्हा मातीचा मोठा थर साचलेला होता आणि तो त्या थरावर उभा होता. माती पुढे काढली गेली, ओरखडा राहिला. लेण्यांची ख्याती जगात पसरविण्यास जो माणूस कारण झाला, त्यानेच तेथे पहिला ओरखडा काढावा, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. किल्ल्याच्या तटावर किंवा देवळाच्या खांबावर खिळ्याने नाव कोरणाऱ्या मुलास वाटते की, एका नावाने काय होणार? एका नावाने काय होते, ते दोनशे वर्षांनंतरही १० व्या लेण्यात पाहावयास मिळते.

ह्यानंतर लेण्यांवर प्रेम करणारे पुष्कळ आले. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून ठेवाव्यात, ह्या हेतूने रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याची १८४४ साली नेमणूक झाली. त्याने उन्हातान्हात, आजारपण सोसून, कित्येक वर्षे मोठमोठ्या पटांवर नकला केल्या. त्या लंडनमधील स्फटिक प्रासादात प्रदर्शित केल्या असता १८६६ साली तेथे आग लागून बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रतिकृती करविल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार ह्या कामात होते. त्या प्रतिकृतीही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तेथील वस्तुसंग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांपैकी शंभराहून अधिक नष्ट झाल्या. दोन पिढ्यांचे श्रम दोन आगींत गेले. १९०९ ते १९११ ह्या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकला करविल्या. त्या वेळी नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार त्यांच्या साहाय्यास होते. ह्या साऱ्या उद्योगाचा उपयोग झालाच. आज जी चित्रे पुसट झाली आहेत ती पूर्वी कशी होती, हे पुष्कळदा ह्या नकलांवरूनच कळते. परंतु मूळ वस्तूची भरपाई नकलेने होत नाही, आणि नक्कल मूळ वस्तूइतकीच नाशिवंत असते, हे दोन आगींनी दाखवून दिले.

ह्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट रोगणाची आहे. चित्रांच्या नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून काहींनी मूळ चित्रांवरच रोगण फिरविले. तुकडे संग्रहालयात न्यावेत म्हणून काहींनी गिलावा सोडविण्याचे प्रयत्न केले आणि त्याचा चुरा झाला. पुढे ही लेणी ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्या संस्थानाने पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख होते. त्यांच्या काळात, १९२० ते १९२२ ह्या वर्षांत, इटलीतून दोन कुशल तज्ज्ञ बोलाविण्यात आले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीस पक्का केला, तुटक्या कडा बुजविल्या आणि गळून जाणारी पुष्कळ चित्रे वाचविली. हे त्यांचे मोठे उपकार होत. परंतु चित्रे टिकावीत म्हणून त्यांनी त्यांवर लाखेपासून केलेल्या रोगणाचा थर दिला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच वाटत होते, आणि चित्रे तेव्हा मोठी टवटवीत दिसली.

काही दशकांत ते रोगण पिवळे पडले, मग तपकिरी झाले. त्यावर धूळ व काजळी धरली. रोगणाचा थर आकसू लागला तसा तो खालच्या रंगालाही ओढू लागला. स्वातंत्र्यानंतर ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या देखरेखीखाली आली, तेव्हापासून त्या खात्याच्या रसायनतज्ज्ञांना जी कामे करावी लागली, त्यांतील एक मोठे काम म्हणजे पूर्वीच्यांनी प्रेमाने दिलेले हे रोगण काढणे. कापसाच्या बोळ्याने, सौम्य द्रावणाने, बोटभर जागा आज आणि बोटभर उद्या, अशा रीतीने ते करावे लागते. जे काही दिवसांत फासले गेले, ते काढण्यास कित्येक वर्षे लागली.

येथे कोणास दोष देण्याचा हेतू नाही. ह्यातून एक नियम निघतो, तो ध्यानात धरावयाचा आहे. जी क्रिया पुढे उलटविता येत नाही, ती जुन्या वस्तूवर करू नये. १९६४ साली व्हेनिस येथे जगातील वास्तुतज्ज्ञांनी स्मारकांच्या जतनाविषयी एक सनद संमत केली. नियमित देखभाल हीच जतनाची पहिली अट आहे, आणि जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे, असा तिचा आशय आहे. आज अजिंठ्यास जे केले जाते ते ह्याच धोरणाने. डोंगरमाथ्यावरचे पाणी वळवून लेण्यांत झिरपू नये अशी व्यवस्था केलेली आहे. वटवाघळांची विष्ठा चित्रांना जाळते, म्हणून दारांना जाळ्या बसविल्या आहेत. गिलाव्यातील किड्यांचा बंदोबस्त वेळोवेळी केला जातो. माणसांच्या श्वासाने व घामाने आतील हवा दमट होते, म्हणून चित्रे असलेल्या मुख्य लेण्यांत एका वेळी ठराविक संख्येनेच प्रवेश देतात. प्रखर प्रकाश रंगांना बाधतो, म्हणून छायाचित्रासाठी झोतदिवा वापरण्यास मनाई आहे. मोटारींचा धूर दरीत कोंडू नये म्हणून वाहने सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवितात आणि तेथून वेगळ्या बसगाडीने जावे लागते. सोमवारी लेणी बंद असतात.

ह्या उपायांत डोळे दिपविणारे काहीही नाही. पाणी वळविणे, जाळी लावणे, किडे हटविणे, गर्दी आवरणे. शेतकरी मृगापूर्वी घर शाकारतो, म्हणजे काय करतो? सरकलेली कौले बसवितो, फुटके कौल बदलतो, पन्हळ साफ करतो. तो दरसाल घर पाडून नवे बांधीत नाही. आणि दरसाल शाकारतो म्हणूनच त्यास ते पाडावे लागत नाही. जतन म्हणजे ही शाकारणी होय. ते नवे करणे नव्हे.

आता हाच नियम घेऊन अजिंठ्याच्या दरीतून आपापल्या गावी यावे. बहुतेक प्रत्येक गावाच्या वेशीवर एखादा वीरगळ असतो, एखादी बारव असते, जुने देऊळ असते, कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर देवराई असते. त्यांतील फारच थोड्यांवर सरकारी पहारा असतो. त्यांचे भवितव्य गावकऱ्यांच्या समजुतीवर अवलंबून असते. आणि गावकऱ्यांचे प्रेम पुष्कळदा त्या लाखेच्या रोगणासारखेच असते. यात्रा जवळ आली की वीरगळावर तैलरंगाचे हात दिले जातात. कोरीव रेषा बुजतात, आणि दगडातील ओलीला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. जुन्या देवळाच्या दगडावर वाळूचा मारा करून तो उजळ केला जातो. मळाबरोबर शिल्पाचे नाकडोळेही झिजतात. बारवेच्या दगडी पायऱ्यांवर सिमेंट चढते. देवराईतील झाडे तोडून तेथे सभामंडप उठतो, फरसबंदी होते आणि पालापाचोळा कचरा म्हणून जाळला जातो. वास्तविक तो पाचोळा म्हणजेच देवराईची माती, तिची ओल आणि तिच्यातील असंख्य जीवांचे घर होय. ह्या सर्व ठिकाणी हेतू भक्तीचाच असतो.

अशा वेळी शिक्षकाने विरोधाचा पवित्रा घेऊ नये. गावाची श्रद्धा दुखवून वारसा वाचत नाही. जीर्णोद्धाराची बैठक भरली असता, काम सुरू होण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा, एवढेच शांतपणे सुचवावे. आणि तोवर जे निर्धोकपणे करता येईल ते गावकऱ्यांपुढे ठेवावे. देवळाच्या छतावरची माती व गवत काढून पाणी वाहते करणे, भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच कापणे, बारवेतील गाळ व कचरा उपसणे, देवराईच्या हद्दीत गुरे व कुऱ्हाड न जाऊ देणे, ही कामे गावाच्या श्रमदानातून होतात. पिंपळ मोठा झाला असल्यास मात्र तो ओढून काढू नये. त्याच्या मुळांबरोबर दगड निखळतात. तेथे जाणकाराची वाट पाहावी.

कायद्याचे ज्ञानही शिक्षकास असावे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. स्मारक विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. राज्याच्या संरक्षणाखालील स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. नांगरताना वा पाया खणताना जुनी नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. आणि आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, तसेच वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे, ही संविधानाच्या ५१-क ह्या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये म्हणून नमूद आहेत. तथापि मुलांपुढे शिक्षेचे भय आधी ठेवू नये. आवड आधी ठेवावी.

ती आवड सहलीत उत्पन्न होते, किंवा सहलीतच कायमची नाहीशी होते. पहाटे निघून, एका दिवसात चार स्थळे उरकून, घामाघूम मुलांस ३० लेण्यांतून धावत नेले, तर त्यांच्या स्मरणात पायऱ्या आणि माकडे ह्यांखेरीज काहीही उरत नाही. त्याऐवजी चारच लेणी निवडावीत. १० वे लेणे प्राचीनतेसाठी आणि त्या कोरलेल्या नावासाठी. १ ले पद्मपाणीच्या चित्रासाठी. १७ वे जातककथांसाठी. २६ वे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या सुमारे ७ मीटर लांबीच्या शिल्पासाठी. वेळ राहिल्यास २४ वे अपुरे लेणे दाखवावे. कारागिरांनी डोंगर कसा वरून खाली फोडीत नेला, हे पुरे झालेल्या लेण्यापेक्षा अपुऱ्या लेण्यात अधिक स्पष्ट दिसते.

निघण्यापूर्वी आठवडाभर परिसर अभ्यासाच्या तासाला कथा सांगाव्यात. आपल्या शरीराचा पूल करून कळपास पलीकडे नेणाऱ्या वानरराजाची कथा ज्या मुलाने ऐकली आहे, ते मूल १७ व्या लेण्यात भिंतीस हात लावणार नाही. ते चित्रात त्या वानरास शोधू लागेल. शाळेतच एका विटेवर माती व तूस लिंपून, ती वाळवून, मुलांकडून तिच्यावर गेरूने चित्र काढवावे. मग त्याच चित्रावर रोज प्रत्येकाने एकदा बोट फिरवावे. पंधरा दिवसांत चित्राचे काय होते, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ‘हात लावू नका’ ही सूचना शंभरदा देण्यापेक्षा हा एक प्रयोग अधिक परिणामकारक आहे. लेण्यात शिरताना मुलांचे दहा-दहांचे गट करावेत, दप्तरे व पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवाव्यात, भिंतीस व खांबास टेकू देऊ नये, आणि स्वतः शिक्षकानेही टेकू नये. मुले सूचना ऐकतात त्यापेक्षा शिक्षकाचे वागणे अधिक पाहतात.

शेवटची सूचना शाळेच्या दप्तराविषयी आहे. प्रत्येक शाळेने आपल्या गावातील एका स्थळाची नोंदवही ठेवावी. वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास, वरच्या वर्गातील मुलांनी तेथे जावे. भेगा किती रुंद आहेत, कोठे ओल आहे, कोणते झुडूप उगवले आहे, कोणता दगड सरकला आहे, हे मोजून व पाहून लिहावे. एकाच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे. देवराई असेल तर मोठ्या झाडांची नावे व बुंध्यांचे घेर लिहावेत. दगडावर वा झाडावर कोणतीही खूण करू नये. सर्व खुणा वहीतच असाव्यात. बिघाड आढळल्यास ग्रामपंचायतीस आणि पुरातत्त्व वा वन खात्यास लेखी कळवावे.

शिक्षकाची बदली होते. उत्साही शिक्षक गेला की त्याचे काम त्याच्याबरोबर जाते, असा अनुभव सर्वत्र आहे. ही नोंदवही म्हणून शिक्षकाची नसावी, शाळेची असावी, आणि हजेरीपटाप्रमाणे ती कार्यभाराबरोबर पुढील शिक्षकाच्या स्वाधीन व्हावी. दहा वर्षांच्या अशा नोंदी एखाद्या गावी जमल्या, तर बारवेची भेग वाढते आहे की स्थिर आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञासही त्या वहीतूनच मिळेल.

अजिंठ्याची चित्रे ज्यांनी काढली, त्या चित्रकारांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. १० व्या लेण्यातील खांबावर मात्र एक नाव वाचता येते. सहलीहून परतल्यावर ह्या दोन गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि त्यांवर मुलांना बोलू द्यावे. शिक्षकाने त्या दिवशी शक्य तितके ऐकून घ्यावे; आणि दुसऱ्या दिवशी मुलांसह बारवेवर जाऊन नोंदवहीचे पहिले पान लिहावे.